विजेच्या घंटेचा जनक

कोशकार्यालयातील तरुण उपसंपादकाची उमेदवारी त्या सायंकाळी संपत होती. त्याला नोकरीत कायम करण्याच्या आदेशावर मुख्य संपादकांची स्वाक्षरी तेवढी व्हायची होती, आणि ती एका नोंदीपाशी अडली होती. चौथ्या खंडातील ती अखेरची नोंद होती : ‘घंटा, विजेची’. घंटेची रचना, तिचे चुंबक, तिची तार, सारे यथास्थित लिहून झाले होते. केवळ जनकाची जागा रिकामी होती.

“बाप नसलेली नोंद माझ्या खंडात जाणार नाही,” मुख्य संपादक चष्म्यावरून पाहत म्हणाले. “पाच वाजेपर्यंत आणा. आधारासकट.”

“सर, तीन ग्रंथांत तीन वेगळी नावं आहेत.”

“मग चौथा बघा.”

दारात छापखान्याचे वृद्ध फोरमन कमरेवर हात ठेवून उभे होते. “साहेब, ती घंटा एकदाची वाजवा, नाहीतर काढून टाका. यंत्र थांबलंय. माझी माणसं सकाळपासून पत्ते कुटतायत.”

चौथा ग्रंथ मुलांसाठी लिहिलेला होता. त्यात मात्र निःसंदिग्ध विधान सापडले : ‘विजेची पहिली घंटा एका घड्याळजीने आपल्या ठार बहिऱ्या सासूसाठी तयार केली.’ खाली आधार म्हणून एका शालेय पाठ्यपुस्तकाचा उल्लेख होता. आणि त्या पाठ्यपुस्तकाचे कर्ते होते उपसंपादकाचे साक्षात श्वशुर, निवृत्त विज्ञानशिक्षक. उपसंपादकाने सायकल काढली.

“या, या, जावईबापू! अगं, ऐकलंस का, जावई आलेत. आणि न बोलावता!” श्वशुर दारातूनच आत ओरडले.

“मामा, बसत नाही. पाचच्या आत नोंद दिली नाही, तर नोकरी गेली. एवढंच सांगा, तो घंटेवाला घड्याळजी कुठून आणलात?”

“सांगतो की. आधी मला सांगा, चुंबक म्हणजे काय?”

“मामा, मला चुंबक माहीत आहे.”

“सगळे असंच म्हणतात. मग पेपरात काय दिवे लावतात ते मी तपासलंय.”

श्वशुरांनी फळा शोधला, खडू शोधला, तारेचे वेटोळे काढले आणि त्यातून वाहणाऱ्या प्रवाहाची दिशा दोनदा चुकवून तिसऱ्यांदा साधली. चाळीस मिनिटे उलटली. अखेर आतून सासूबाईंचा आवाज आला, “अहो, पोराची नोकरी जायची वेळ आलीय आणि तुम्ही शाळा कसली भरवताय? सांगून टाका ना!”

“अगं, सांगतोच आहे. जावईबापू, घड्याळजी तुमच्याच कार्यालयातला! तुमच्या जुन्या लघुकोशातून शब्दन् शब्द उतरवलाय. वीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतला. ‘बहिऱ्या सासूसाठी’ विसरला, की अर्धा मार्क कापायचो.”

धापा टाकीत उपसंपादक परतला, तेव्हा पावणेपाच झाले होते. लघुकोश मुख्य संपादकांच्याच खुर्चीमागे, काचेच्या कपाटात, देव्हाऱ्यातील मूर्तीसारखा विराजमान होता. श्वशुरांची हकीकत सांगत सांगत त्याने तो उघडला. नोंद सापडली. नोंदीखाली लेखकाची आद्याक्षरे होती. ती मुख्य संपादकांचीच होती.

मुख्य संपादकांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि चष्मा पुसला. “फोरमन, जरा बाहेर थांबा.”

“मी कशाला बाहेर? मीच तर तेव्हा छपाईचे खिळे जुळवत होतो!” फोरमन उसळले. “पानाच्या तळाला दोन ओळी कमी पडत होत्या. मी म्हणालो, काहीतरी द्या. तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत, म्हणालात, नंतर तपासू. त्या महिन्यात तुमच्या सासूबाई मुक्कामाला होत्या. ओरडून ओरडून तुमचा घसा बसला होता. आणि तुमच्या बिऱ्हाडाखालीच तो घड्याळजी...”

“कळलं.”



“सर, मग ‘जनक अज्ञात’ लिहू?” उपसंपादकाने भीत भीत विचारले.

“लिहा! म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी वीस वर्षं घोकवलेली पोरं उद्यापासून पत्रं पाठवतील.”

“मग घड्याळजीच ठेवू?”

“माझ्या खंडात? धडधडीत खोटं?”

मुख्य संपादकांनी लेखणी उचलली, संपूर्ण नोंदीवर एक तिरकी रेघ मारली आणि तिच्या जागी एकच ओळ लिहिली : ‘घंटा, विजेची : पहा — विद्युत घंटा.’

फोरमननी बोटे मोजली. “‘व’ म्हणजे सतरावा खंड. दोन वर्षांना एक धरला, तरी सव्वीस वर्षं गेली. पण साहेब, उरलेल्या जागेत काय घालू?”

“घंटेचं चित्र घाला. मोठं!”

फोरमन समाधानाने निघून गेले. मुख्य संपादकांनी आदेशाचा कागद ओढला, त्यावर काही लिहिले आणि झोकदार स्वाक्षरी केली.

“सर, फार उपकार झाले,” उपसंपादक हात जोडत म्हणाला.

“उपकार कसले? सतराव्या खंडापर्यंत मी काही इथे नसणार. कुणाला तरी ठेवायला नको?”

उपसंपादकाने कागद उजेडाकडे धरला. तेथे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘विद्युत घंटेचा जनक सापडेपर्यंत कायम.’