पंचामृतात न्हालेली तलवार

नागपूरहून परत आलेल्या सिद्धोधननं शेडचं कुलूप काढलं, तेव्हा त्याला सगळ्यात आधी दिसली ती मुंग्यांची रांग. उंबऱ्यापासून निघून ती शिस्तीत भिंतीकडं गेली होती आणि तिथं टेकवून ठेवलेल्या तलवारींवर चढून टोकांपाशी गोळा झाली होती. तलवारबाजीच्या क्लबातल्या पोरांना इतक्या सरळ रांगेत उभं करायला त्याला दोन वर्षं लागली होती. मुंग्यांना कुणी शिकवलंही नव्हतं.

मग त्याला बाकीचं दिसलं. प्रत्येक तलवारीवर हळदीकुंकवाचे पट्टे. मुठींना झेंडू. मास्कच्या जाळीत अक्षता आणि त्यांच्यामागं शिरलेल्या मुंग्या. आणि परभणीच्या क्लबाच्या हातापाया पडून आणलेल्या, गुण दाखवणाऱ्या यंत्रावर भलंमोठं कुंकवाचं स्वस्तिक.

"कसं वाटायलंय सर?" मागून काशीनाथराव आले. ते क्लबाचे अध्यक्ष. तलवारीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण अध्यक्ष कुणाला तरी करावं लागतं, आणि कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना घरी कुणी बसू देत नव्हतं. "तुमी दीक्षाभूमीला, राजेश्री मॅडम माहेरी. म्हणून काय खंडेनवमी चुकवायची? समद्या तलवारी पंचामृतानं न्हाऊ घातल्या. एक सुदिक सोडली न्हाई."

"पंचामृतानं?"

"दूध, दही, तूप, साखर आन मध. मध तर असली हाय, खास वालूरहून मागवला. ती बगा, अर्धी बाटली उरलीय."

"आणि टोकं?" सिद्धोधनचा आवाज बारीक झाला.

"टोकं तर रातभर बुडवूनच ठेवली. शस्त्राचा जीव टोकात असतो की ओ सर!"

हे मात्र काशीनाथराव आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर बोलले होते. या तलवारीच्या टोकाला एक बारीक बटण असतं, त्याच्याखाली स्प्रिंग. बटण समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की तलवारीतून, बाहीतून, पाठीमागच्या वायरीतून करंट यंत्राकडं जातो आणि आपल्या बाजूचा दिवा लागतो. दोघांचे वार एकदम बसले तर दोन्ही दिवे लागतात, दोघांनाही गुण. ते बटण आता मध, साखर आणि तुपाच्या चिकटणात गाडलं गेलं होतं.

आणि आज दुपारीच भगवानराव येणार होते.

भगवानराव म्हणजे या शेडचे मालक. मानवतच्या कापसाच्या धंद्यात त्यांचं जिनिंग जोरात होतं तेव्हा इथं सरकी पडायची. जिनिंग बंद पडलं तेव्हा उंदीर आले, आणि उंदरांनंतर क्लब आला. शेड आपण समाजासाठी दिली, असं भगवानराव प्रत्येक भाषणात सांगायचे. निवडणूक जवळ नसली की मात्र तीच शेड त्यांना उगाच अडकून पडल्यासारखी वाटायची. सध्या निवडणूक जवळ नव्हती. त्यातच त्यांचा पुतण्या पप्पू याला शेडचा पत्रा काढून तिथं बॉक्स क्रिकेटचं टर्फ करायचं होतं. जागा क्लबाला राहणार की पप्पूला जाणार, हे भगवानराव आज क्लबाच्या कार्यक्रमात जाहीर करणार होते.

पुण्यामुंबईत हा खेळ गाडीतून उतरणारी पोरं खेळतात. मानवतला तो हमालांची, शिक्षकांची, शेतमजुरांची पोरं खेळायची. फी म्हणजे ज्याला जमेल ते. मास्क तोंडावर चढवण्याआधी मागच्या पोराचा घाम पुसायचा, एवढी एकच अट. शेड गेली असती तर हे सगळं गुंडाळून सिद्धोधनच्या दोन खोल्यांत ठेवावं लागलं असतं, आणि मोंढ्यात हमाली करणाऱ्या आश्रुबाची संघप्रिया, जिची पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड चाचणी होती, तिनं सराव बहुधा एसटी स्टँडवर केला असता.

दुसरी प्रशिक्षक राजेश्री पालमच्या एसटीतून उतरली ती बॅगेसकट शेडमध्ये आली. तिनं एक तलवार उचलली, वास घेतला, बोटानं टोक चाचपलं आणि काशीनाथरावांकडं बघितलं.

"काका, प्रसाद म्हणून वाटायच्या होत्या का या?"

"थट्टा करू नका मॅडम. श्रद्धा असते एकेकाची."

"श्रद्धा मुठीला लावायची की ओ. टोकाला काऊन लावली?"

मग सिद्धोधननं गाडीतलं पेट्रोल काढलं, राजेश्रीनं घरून दात घासायचे जुने ब्रश आणले आणि दोघं घासत बसले. काशीनाथराव बाजूला उभे राहून "कुंकू तेवढं पुसू नका, अपशकुन होतो" असं बजावत होते. कार्यक्रमाची वेळ झाली तोवर एकच तलवार शुद्धीवर आली. ती त्यांनी संघप्रियाच्या हातात दिली. बाकीच्यांपैकी काहींची बटणं दबायला तयार नव्हती, आणि काहींची दबून बसली होती ती वर यायला तयार नव्हती.

"यंत्र लावायचंच न्हाई," राजेश्री म्हणाली. "पोरंपोरं हातानं खेळून दाखवतील. हार, भाषण, चहा, संपला मामला."

बेत चांगला होता. चांगल्या बेताचं मराठवाड्यात जे होतं तेच त्याचं झालं.

भगवानराव आले. पांढरे कपडे, पांढऱ्या चपला, मागे माणसं. पप्पू हातात मोबाईल घेऊन आधीच शेड मोजल्यासारखा फिरत होता. त्याच्या खिशातून मोजायच्या टेपचं पिवळं टोक बाहेर आलेलं होतं. हार झाले. नारळ झाले. आणि मग पप्पू म्हणाला, "काका, नुसतं बसून काय? एक रील करू की! तुमी तलवार घ्या हातात!"

"साहेबांना कशाला तकलीफ," सिद्धोधन घाईनं म्हणाला.

"तकलीफ कसली सर? आपल्या रक्तातच हाय ते," भगवानराव उठलेच. त्यांच्या रक्तात साखर आहे हे सगळ्या मानवतला माहीत होतं. तलवार पहिल्यांदाच ऐकली.

भिंतीपाशी जाऊन त्यांनी एक तलवार निवडली. ज्या तलवारीला सगळ्यात मोठा झेंडूचा हार होता ती. काशीनाथरावांचा ऊर भरून आला. कुठल्याच जाकिटाची चेन भगवानरावांच्या पोटावरून जाईना, तेव्हा एक जाकीट मागून दोऱ्यांनी बांधलं आणि तोंडावर मास्क चढवला. संघप्रिया समोर उभी राहिली. तिनं सलामी दिली. भगवानरावांनी दोन्ही हात जोडून सभेला करतात तसा नमस्कार केला.

"आन ती मशीन चालू करा की!" पप्पू ओरडला. "दिव्याबिगर रीलला मजा न्हाई!" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं वायरी लावल्या आणि यंत्र सुरू केलंसुद्धा.

ट्यांऽऽऽ!

भगवानरावांच्या बाजूचा दिवा लागला. ते अजून जागेवरून हललेही नव्हते.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. दिवा विझला. सिद्धोधन "थांबा" म्हणेपर्यंत यंत्र परत ओरडलं. ट्यांऽऽऽ! दुसरा गुण. संघप्रियानं गोंधळून सरांकडं बघितलं, मग जे शिकली होती ते केलं. एक पाऊल पुढं, हात लांब, आणि भगवानरावांच्या पांढऱ्या छातीवर बरोबर मधोमध वार. तिचा दिवा लागलाच नाही. लागणार कसा? ज्याचा दिवा आधीच पेटलेला आहे त्याच्यापुढं दुसऱ्याचा वार मोजायचा नसतो. ही अक्कल यंत्राला कुठल्या कारखान्यात शिकवली कोण जाणे. मानवतला ती पहिल्यापासून पाठ होती.

तेवढ्यात मास्कमधल्या मुंग्या जाग्या झाल्या.

पहिली भगवानरावांच्या कानामागं चावली. ते डावीकडं उडाले. दुसरी मिशीत शिरली. ते मागं सरले, गरकन फिरले, एका पायावर नाचले, आणि हातातली तलवार चारी दिशांना सुटली. यंत्र ट्यांऽ ट्यांऽ करत सुटलं.

"काय चपळाई हाय काका!" पप्पू मोबाईल वर धरून किंचाळला. "वा रे वाघ!"

"हे परदेशी पद्धतीचं पदलालित्य असतं," काशीनाथरावांनी शेजाऱ्याला माहिती दिली.

कुणीतरी शिट्टी मारली, यंत्र बंद झालं आणि भगवानरावांनी मास्क उपटून फेकला. तोंड टोमॅटोसारखं लाल. लोकांना तो विजयाचा तजेला वाटला. संघप्रिया शून्य. त्यांचे गुण यंत्राच्या आकड्यांत मावले नाहीत.

सिद्धोधनच्यानं राहवलं नाही. "साहेब, खरं सांगायचं तर त्या तलवारीचं बटण अडकलंय. तिचा दिवा आपोआप..."

"सर." भगवानरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरगी हरली म्हनून तुमाला वाईट वाटायलंय. वाटावंच. गुरूचं काळीज हाय तुमचं. पन हरलं तर हरलं म्हनावं मानसानं. मशीन खोटं बोलती व्हय?"

राजेश्रीनं मागून सिद्धोधनचा शर्ट ओढला. त्याला अजून एकच वाक्य बोलायचं होतं. ती कुजबुजली, "सर, शेड."

भगवानराव माईककडं गेले. "जिथं आपन तलवार गाजवली, ती जागा मी बॉल फेकायला देईन व्हय? बिलकूल न्हाई! ही शेड क्लबाची!" टाळ्या. पप्पूचा मोबाईल खाली आला. "आन दर आयतवारी मी स्वता इथं येनार. हीच तलवार, हीच पोरगी."

पहिल्या रविवारपर्यंत सिद्धोधननं सगळ्या तलवारी खोलून, धुऊन, पुसून लख्ख केल्या. तो शास्त्र मानणारा माणूस. भगवानराव आले, उभे राहिले, धापा टाकत पुढं सरसावले. दिवा लागला तो संघप्रियाच्या बाजूचा. परत तिचाच. परत तिचाच. भगवानरावांनी तलवार कानाशी धरून हलवून बघितली, बंद पडलेल्या घड्याळासारखी.

"आज काय बिनसलंय हिचं?"

"काका, जागेतच दोष असंल," पप्पू म्हणाला. त्यानं खिशातून टेप काढला आणि सहज, अगदी सहज, एक टोक भिंतीला लावलं. पिवळी पट्टी खर्रकन उलगडत पोरांच्या पायांमधून पार दारापर्यंत गेली. पोरं पाय उचलून बाजूला झाली.

"दोन मिनिटं, साहेब," राजेश्री म्हणाली. "तलवार गरम झालीय. सर, आत घेऊन चला."

आत, म्हणजे पत्र्याच्या आडोशाला, वालूरच्या मधाची अर्धी बाटली होती तशीच होती. राजेश्रीनं ती सिद्धोधनच्या हातात दिली.

"हे मला जमणार न्हाई," तो म्हणाला. "हा खेळाचा अपमान हाय."

"तिकडं तो दार मोजायलाय."

सिद्धोधननं झाकण उघडलं. माणूस देवापुढं वाकत नसेल तर नसो. जागेच्या मालकापुढं त्याची पाठ आपोआप वाकते, तिला शास्त्र विचारावं लागत नाही. त्यानं बटण अंगठ्यानं आत दाबलं, वर मधाचा थेंब सोडला, चिमूटभर साखर पेरली आणि फुंकर मारली. वर बघतो तर काशीनाथराव आडोशाच्या तोंडाशी उभे. डोळ्यांत पाणी.

"म्हणलं न्हवतं का सर? शेवटी मानायलाच लागतं!"

तेव्हापासून तो दस्तूर पडला. रविवारी सकाळी क्लबाचे मुख्य प्रशिक्षक मध घेऊन बसायचे, भगवानराव जिंकायचे, संघप्रिया हरायची आणि पप्पूचा टेप खिशात राहायचा. सोमवारपासून शनिवारपर्यंत पोरं खरा खेळ खेळायची. संघप्रिया परभणीच्या चाचणीला गेली आणि पहिली येऊन परतली. मोठ्या चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर भगवानराव दहा फूट, खाली 'यांच्या मार्गदर्शनाखाली', आणि एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, मार्गदर्शन घेणारी.

तिनं तो फ्लेक्स येताजाताना बघितला. त्या रविवारी ती सरांच्या आधी येऊन आडोशाला बसली.

"सर, आज बी हरायचं?"

सिद्धोधननं बाटलीचं झाकण काढलं आणि आडोशातून बाहेर बघितलं. शेडमध्ये पोरं घाम पुसून मास्क चढवत होती. पप्पू दाराशी टेकून उभा होता. यंत्र गप्प होतं. त्याला काय, ज्याची वायर जोडाल त्याचा दिवा.

"तुझी तलवार दे," सिद्धोधन म्हणाला.

त्यानं दोन्ही तलवारींना मध लावला. सारखा थेंब, सारखी साखर, सारखी फुंकर.

ट्यांऽऽऽ! दोन्ही दिवे एकदम. दोघांना गुण. परत दोन्ही. परत दोन्ही. भगवानराव नाचले, संघप्रिया जागची हललीसुद्धा नाही, आणि शेवटपर्यंत कुणीच कुणाच्या पुढं गेलं नाही. मानवतमध्ये समता आली ती अशी, वालूरच्या बाटलीतून.

मास्क काढून भगवानरावांनी तिच्याकडं बघितलं. मग ते हसले आणि माणसांकडं वळले.

"बगितलं का? माझ्यासंगं खेळून खेळून पोरगी बराबरीला आली!"

टाळ्या झाल्या. पप्पूनं नाइलाजानं रील काढलं. चहाच्या गडबडीत संघप्रिया सरांच्या शेजारी येऊन उभी राहिली, तलवारीचं टोक रुमालानं पुसत.

"सर," ती हळूच म्हणाली, "पुढच्या आयतवारी निस्तं माझ्याच तलवारीला लावा."