अडीचच्या व्यस्तावरून जाहलेले बंड

श्री एकास नमन असो. ज्याने गुणिले असता कोणी वाढत नाही, कोणी घटत नाही, आणि ज्यापाशी पोहोचल्याविना व्यस्ताची खात्री पटत नाही, त्या एकाचे स्मरण करून ही हकिकत लिहिली. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी संवत्सरे, भाद्रपद मासी एका शाळारूपी राज्यात बंड जाहले ते ऐसे. राज्याचा विस्तार सात दालने, एक मैदान आणि पाण्याची एक टाकी. गादीवर मुख्य गुरुजी, त्यांस हुजूर म्हणावे. हुजुरांनी वीस वर्षांमागे सातवीच्या भिंतीवर निळ्या रंगाने स्वहस्ते गणिताचे नियम लिहिले, आणि रिवाज ऐसा पाडिला की दर सोमवारी मुलांनी भिंतीसमोर उभे राहून ते एका सुरात म्हणावे, आणि परीक्षेत भिंतीबरहुकूम लिहील त्यासच पुरे गुण द्यावे. त्यात व्यस्ताचे कलम होते की अपूर्णांक उलटा करावा. तीन छेद चारचे चार छेद तीन जाहले, येथवर ठीक. मग आले अडीच, म्हणजे दोन पूर्णांक एक छेद दोन. तेथे हुजुरांनी दोनास जागचे हलविले नाही, मागील शेपूट तेवढे उलटविले, आणि दोन पूर्णांक दोन छेद एक, म्हणजे चार, ऐसे लिहून मोकळे जाहले. वीस वर्षे मुले तेच घोकून पुढे गेली आणि कोणी चकार शब्द काढिला नाही.

त्या साली सातवीत मैनाबाई लोणारे, वय वर्षे बारा, विराजमान होत्या. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस पुरे गुणवाल्यांची पाच नावे जावयाची, त्यात पहिले त्यांचे. थोरल्या बहिणीची शाळा सातवीतच सुटली होती, आणि ही परीक्षा साधली तरच आपण पुढे शिकू, हे मैनाबाई पक्के जाणून होत्या. तरीही त्या सोमवारी अडीच येताच त्या गप्प राहिल्या.

हुजूर वदले, "का गं, वाचा बसली?"

"सर, संख्येला तिच्या व्यस्तानं गुणलं की एक यायला पाहिजे. इथं अडीच चोक दहा येतात."

"वीस वर्षांत कुणाला दिसलं नाही ते तुला दिसलं?"

"अडीच म्हणजे पाच छेद दोन. उलटे केले की दोन छेद पाच. आपला पंप तासाला अडीच टाक्या भरतो, मग एका टाकीला दोन छेद पाच तास. भिंत म्हणते चार तास."

दाराशी सदूभाऊ शिपाई उभे होते, ते बोलून गेले, "चोवीस मिनिटं लागतात, सर. रोज मीच भरतो." हुजुरांनी त्यांस तत्काळ मैदान झाडावयास धाडिले, मग मैनाबाईंचे नाव यादीतून खोडिले आणि हुकूम फर्माविला की चार हे उत्तर एकवार लिहून दे, नाव परत घेतो. मैनाबाईंनी कागद घेतला, त्यावर दोन छेद पाच लिहिले आणि हुजुरांच्या हाती दिला.

मग यादी पक्की करावयास चाचणी जाहली, तीत अडीचचा व्यस्त पुसिला. वर्गातील चौतीसांपैकी एकतीस जणांनी दोन छेद पाच लिहिले, आणि कित्येकांनी शेजारी गुणाकार करून एक हा आकडाही काढून दाखविला. भिंतीबरहुकूम लिहिणारे तिघेच उरले. हुजूर पेचात पडिले, कारण नावे पाच पाठवावयाची आणि पुरे गुणवाले तीन. अखेर त्यांनी पेपर पुन्हा तपासिले आणि भिंतीस चुना देवविला, वरती सांगितले की ओल आली होती. भिंत ठणठणीत कोरडी होती.

मग मैनाबाईंस बोलावून हुजूर वदले, "तुझं नाव परत घातलंय. आभार मान."

मैनाबाई म्हणाल्या, "नाव माझंच होतं, सर." आणि वर्गात जाऊन बसल्या.

एवंच, वीस वर्षांचे चार बारा दिवसांत गेले आणि दोन छेद पाच गादीवर आले. त्यापायी कोणी कोणाचे आभार मानिले नाहीत. इति.