पंगत उठली

हसनाबादच्या सांडूतात्यांना त्या दुपारी फक्त चारचौघांसारखं जेवून दाखवायचं होतं. तेवढं जमलं असतं तर जमेची बाजू भक्कम होती. लेक रेणूला अंकुशनगरचं चांगलं स्थळ, भावकीत मान, आणि छातीत दडवलेलं एक भय आणखी थोडे दिवस दडवायची सवलत. खर्चाच्या बाजूला काय? चार घास. तात्यांना सौदा स्वस्तात पडल्यासारखा वाटत होता.

अडचण एवढीच, की ते चार घासच तात्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हते.

वर्षभर हेच चाललं होतं. घास छातीच्या मधोमध येऊन बसायचा, सासरवाडीत पाय पसरून बसलेल्या जावयासारखा, आणि पुढं सरकायचं नाव घ्यायचा नाही. मागून जळजळ. तात्या पाण्यात सोडा टाकून प्यायचे, विजारीची नाडी आणखी आवळायचे, आणि कोणी विचारलं तर ठरलेलं उत्तर द्यायचे, "काय करावं, हिच्या हातची भाकर कोरडी. उतरतच न्हाई."

या उत्तरामागं विचार होता. गिळायचा त्रास म्हटलं की लोक एकच रोग समजतात, आणि मनातून तात्याही तोच समजत होते. बाप असा आहे कळल्यावर पोरीसाठी दारात कोण येणार? त्यापेक्षा भाकरीवर ढकललेलं बरं, ती उलटून बोलत नाही. बायको गोपिकाबाईही उलटून बोलल्या नाहीत. त्यांनी गिरणी बदलली, मिरची कमी केली, भाकरी दुधात कुस्करून दिली. तात्या म्हणाले, दूध करपलंय.

स्थळ आणलं होतं रामेश्वरनं, गोपिकाबाईंच्या सख्ख्या भावानं. सकाळीच त्यानं तात्यांना बाजूला घेतलं.

"दाजी, कडूबा पाव्हणा साखर कारखान्यात वजनकाट्यावर हाय. माणूसबी तोलून घेतो. पोराचा बाप हाय, त्याच्यासमोर आखडून जेवू नका."

"बराबर करतो मी. आमटीत बुडवून बुडवून खाईन. आन अडकलंच तर..."

"काय अडकलं तर?"

"काही न्हाई. हिच्या पोळ्या तुला ठाऊकच हायेत."

रामेश्वरला त्या लहानपणापासून ठाऊक होत्या. तो बहिणीकडं बघून पंगतीच्या तयारीला लागला.

तात्यांचा एक गुप्त उपाय होता. घास अडकला की उभं राहायचं, छाती पुढं काढायची, दोन्ही हात वर ताणायचे. कधीकधी घास सरकायचा. गोठ्यात एकट्यानं करायला उत्तम उपाय.

अंगणात पंगत बसली. मधोमध कडूबा, शेजारी तात्या, मग पाव्हणे आणि भावकी. पोळीवर तूप पडलं. तात्यांनी आमटीचे दोन घोट घेतले, तेही उतरले. निभावलं असं वाटतंय तोच कडूबानं आपल्या ताटातल्या पोळीची घडी घालून घास पुढं केला. होणाऱ्या व्याह्याच्या हातचा घास! तो नाकारला तर सोयरीक नाकारली.

"घ्या, सांडूतात्या. लाजता काय नवरीवानी? मोठं तोंड उघडा."

घास गेला आणि बसला. तात्यांनी वरून पाणी ओतलं, तर पाणी घासावर तळं करून थांबलं. त्यांचे डोळे भरून आले. कडूबाला वाटलं, लेक जाणार म्हणून.

आणि तात्या उभे राहिले.

आता पंगतीतला कर्ता माणूस उठला की पंगत उठते. मागं बसून खाणं ही बेअदबी, आणि एकदा उठल्यावर उष्ट्या ताटावर कोणी पुन्हा बसत नाही. भावकी झटक्यात उठली. पाव्हणेही उठले, पहिला घास हातातच. तात्यांनी दोन्ही हात आभाळाकडं ताणले. म्हाताऱ्या मंडळींना वाटलं, जयघोष करायचाय. त्यांनी तो केलाही.

"आमचं काय चुकलं?" कडूबानं विचारलं. आवाज शांत होता, म्हणूनच जास्त लागला. "पोरगी द्यायची नसली तर तोंडानं सांगायचं. उपाशी कशाला उठवून राह्यले?"

तात्यांना तोंड उघडायची सोय नव्हती. ते हौदाकडं धावले आणि सगळ्यांच्या देखत घास, पाणी, आमटी परत आली. तोंड पुसता पुसता सवयीनं त्यांचं बोट चुलीकडं गेलं.

"पोळी कोरडी होती. हिच्या हातचं असंच हाय."

नवी साडी नेसलेली रेणू दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. गोपिकाबाईंनी मात्र पदराला हात पुसले आणि बाहेर आल्या.

"भाकर मी केली. पोळीबी मी केली. पण पाणी काय मी रांधलं का? यांना पाणीबी उतरत न्हाई. साल झालं, बघून राह्यले मी. मह्या सैपाकाचं नाव घेऊन जीवाला धीर येत असंल तर येऊ द्या म्हणलं, म्हणून गप होते."

कडूबानं तात्यांना खालीवर न्याहाळलं, काट्यावर चढवल्यासारखं. गालाची हाडं, सैल सदरा. त्याच्या हातातला घास त्यानं हळूच ताटात ठेवला.

"मला सून पाहिजे, तिच्या बापाचा गळा न्हाई तपासायचा," तो म्हणाला. "तो डॉक्टरला दाखवा. जल्दी. मंग बोलू."

जालन्याच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं. तात्या ज्याला भीत होते तो कॅन्सर आत नव्हता. पुढच्या तपासणीत खरं कारण सापडलं. अन्ननळी घास पुढं ढकलत नव्हती, आणि पोटाच्या तोंडाशी असलेलं तिचं दार गिळताना उघडत नव्हतं. अडकलेलं आतच कुजायचं, त्याची जळजळ. डॉक्टरांनी फुगा घालून ते दार ताणून दिलं आणि म्हणाले, "जेवणात काही दोष नव्हता." गोपिकाबाई तेव्हा औषधं आणायला गेल्या होत्या.

सोयरीक पक्की झाली. निरोप रामेश्वरनंच आणला. "एकच अट हाय त्यांची. लग्नाचा सैपाक त्यांचे आचारी करतेल. म्हणले, विहीणबाईंना तरास नको."

तात्या दुसऱ्या दिवशी स्वतः अंकुशनगरला गेले. सगळं सांगितलं. दार, फुगा, गोठ्यातले हात, आणि पोळीत काही दोष नव्हता हेही. कडूबानं मन लावून ऐकलं.

"आजाराचं खरं हाय," तो म्हणाला. "पण पोळीचं तुम्ही बायकोसाठी बोलून राह्यले. चांगली गोष्ट हाय. नवऱ्यानं असंच बोलावं."

"तुम्ही खाल्ली होती का पोळी?"

"खाल्ली कुठं? तुम्हीच उठले ना."

घरी येऊन तात्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, पाणी न मागता. गोपिकाबाईंनी तांब्या तरीही जवळ ठेवला. एकूण काय, रेणूला घर मिळालं, कडूबाला सून आणि तात्यांना भाकर. भरपाई सगळी गोपिकाबाईंनी केली. दोन गावांत त्यांच्या हातची पोळी आजही कोरडीच आहे.