‘नाही’ वगळून

फ्रीज बनवणाऱ्या त्या कंपनीच्या तक्रार विभागात दर महिन्याला संगणकावर एक डॅशबोर्ड तयार व्हायचा. डावीकडे विक्रीचे रंगीत स्तंभ आणि उजवीकडे एका चौकटीत ग्राहकांच्या तक्रारी, त्यांच्याच शब्दांत, पण मुंगीएवढ्या अक्षरांत. स्तंभ सगळेच बघायचे. चौकट मात्र ती भरणारा एकटाच वाचायचा. त्याला ऑफिसात सगळे तक्तेवाला म्हणत.

या महिन्यात कंपनीच्या मालकीणबाईंनी पडद्याला नाक लावून दोन ओळी वाचल्या आणि मान वर केली.

"लोक काय म्हणतायत ते मला एका नजरेत कळलं पाहिजे. दाराचं रबर बदलायचं की नाही, हे सोमवारी ठरवायचंय."

विभागप्रमुख घाम पुसतच तक्तेवाल्याच्या टेबलाशी आले. "अक्षरं नकोत. चित्र करा."

"साहेब, लोकांनी वाक्यं लिहिलीत. वाक्यांचं चित्र कसं करू?"

"ते तुम्ही बघा. म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

तक्तेवाल्याने आधी गोल तक्ता केला. तक्रारींचे प्रकार एक्केचाळीस, म्हणून त्यात एक्केचाळीस रंगांच्या फाका. प्रमुखांनी विचारलं, "ही छत्री कोणाची?" मग त्याने शब्दांचा ढग केला. जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा दिसतो, असं ते चित्र. त्यात मधोमध, अर्धा पडदा व्यापून, एकच शब्द बसला होता: ‘नाही’.

"हे काय?"

"लोक सगळ्यात जास्त हेच म्हणतायत, साहेब."

"म्हणून बाईंच्या तोंडावर ‘नाही’ मारायचं? ‘आणि’, ‘पण’, ‘होत’ असले बिनकामाचे शब्द तुम्ही गाळताच ना? त्यांच्यात हाही टाका."

"पण त्याने अर्थ—"

"अर्थाचं नंतर बघू. आधी चित्र."

तक्तेवाल्याने फोनवर तक्रारी घेणाऱ्या ताईंकडे पाहिलं. ताईंनी नुसते खांदे उडवले. त्यांच्या कानात कोणीतरी नासलेल्या दुधाबद्दल बोलत होतं.

‘नाही’ गेला आणि ढग एकदम प्रसन्न दिसू लागला. ‘थंड’, ‘नीट’, ‘बंद’, ‘दार’, ‘लवकर’. सोमवारी बाईंनी तो पाहिला आणि पहिल्यांदाच चष्मा काढून हसल्या.

"थंड! नीट! अहो, लोक एवढं कौतुक करतायत आणि आपण रबर बदलायला निघालो होतो?"

रबराचा विषय बारगळला. प्रमुखांनी मान तुकवून कौतुक स्वीकारलं. तक्तेवाल्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा प्रमुखांच्या नजरेने ते मिटवलं. त्या दुपारी त्याला डबा गेला नाही. बाईंनी मात्र हौसेने तो ढग खालच्या स्वागतकक्षातल्या भल्यामोठ्या पडद्यावर लावायला सांगितला.

गुरुवारी तिथे एक निवृत्त मास्तर आले. हातात तक्रारीची प्रत, चेहरा शांत. पडद्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. तेवढ्यात बाई बाहेरून आल्या. मागे प्रमुख, आणि त्यांच्या मागे फायली सांभाळत तक्तेवाला.

"काय, आवडलं?" बाईंनी विचारलं.

"फार आवडलं," मास्तर म्हणाले. "लोकांच्या मागण्या अशा चारचौघांत लावायला धाडस लागतं."

"मागण्या?"

"हो, याच तर आमच्या मागण्या. थंड व्हावं, नीट चालावं, दार बंद व्हावं, माणूस लवकर यावा. कधीपासून सुरू करताय?"

त्यांनी प्रत पुढे केली. बाईंनी ती मोठ्याने वाचली. "दार नीट बंद होत नाही. पाणी थंड होत नाही. बोलावलं तर माणूस लवकर येत नाही." त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "शब्द तेच आहेत. मग ‘नाही’ कुठे गेला?"

प्रमुख छताकडे पाहू लागले.

"मीच गाळला, बाई," तक्तेवाला म्हणाला. "परत आणू?"

त्याने फायली खाली ठेवल्या, तिथल्या संगणकावर गाळायच्या शब्दांतली एक खूण पुसली आणि पडद्यावर माणसाएवढा ‘नाही’ उगवला. बाकीचे शब्द बिचारे कडेला सरकले. मास्तर दचकून एक पाऊल मागे झाले.

त्याच संध्याकाळी रबर बदलायचं ठरलं. ढग गेला. त्याच्या जागी तक्तेवाल्याने साधी यादी केली: पाच मोठ्या तक्रारी, प्रत्येकीपुढे आकडा आणि तिच्याखाली एका ग्राहकाचं एक अख्खं वाक्य, वाचता येईल अशा अक्षरांत. बाईंना ती एका नजरेत कळली. प्रमुखांना त्यांनी आठवडाभर ताईंशेजारी फोनवर बसवलं.

प्रमुख परतले ते एक भरलेली वही घेऊनच.

"हे सगळं यादीत घ्या. या आजी बघा काय सांगतात. फ्रीजशी बोलतात हो त्या, रोज समजूत घालतात त्याची! आणि हे गृहस्थ दाराला खुर्ची लावून झोपतात."

"साहेब, ही बावीस पानं आहेत."

"मग?"

"एका नजरेत कळायचं नाही. थोडं चित्र—"

"खबरदार!" प्रमुखांनी वही छातीशी धरली. "एक शब्द कापायचा नाही. चित्र कसलं मागता? जरा वाचा की!"