दंताजीची उंच गाडी आणि साळिंदर वैद्यांच्या सुया

एका जंगलात एकच रस्ता होता, आणि तोही अरुंद. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागे. कोणी जायचं, याचा नियम पूर्वजांनी ठरवून ठेवला होता. ज्याची गाडी ठेंगणी, त्याने मागे घ्यायची.

जंगलात गाड्या कशा, असं विचारू नका, बाळांनो. तुमच्या गल्लीत त्या कशा मावतात, हे मी कधी विचारलं का?

तर या जंगलात दंताजी नावाचा रानडुक्कर राहायचा. त्याच्याकडे एक एसयूव्ही होती. कंपनीने दिली तेवढ्याच उंचीची. दंताजीच्या म्हाताऱ्या आईचे गुडघे गेले होते. दर शनिवारी तो तिला साळिंदर वैद्यांकडे न्यायचा. वैद्य सुया टोचून गुडघे बरे करत. सुया घरच्याच होत्या. मात्र उन्हं डोक्यावर आली की दवाखाना बंद. मग राजा येवो की रंक, वैद्य जेवायला घरी जात.

एका शनिवारी दंताजी आईला घेऊन निघाला. समोरून खांदेराव गवा आला. खांदेरावाची गाडी उंच. त्याने हॉर्न वाजवला. दंताजीने गाडी मागे घेतली. खांदेरावामागे त्याचे साडू होते. साडूंमागे मेहुणे. त्या दिवशी खांदेरावाच्या पुतणीचा साखरपुडा होता आणि पाहुणे सगळे उंच गाड्यांतले.

दंताजी मागे जात राहिला. शेवटी गाडी थांबली.

"आला का रं दवाखाना?" आईने विचारलं. मग तिने खिडकीतून पाहिलं. "आरं, ही तर आपलीच चूल हाय!"

दुपारभर म्हातारी गुडघे धरून कण्हत बसली. दंताजीला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं, हे ध्यानात ठेवा. जगातले निम्मे घोटाळे खरंच वाईट वाटलेल्यांनीच केले आहेत.

तो तडक शेपटे मिस्त्रीकडे गेला. शेपटे मिस्त्री म्हणजे वानर. हात चार, तोंड एक, आणि ते सतत चालू.

"गाडी उंच करायची," दंताजी म्हणाला.

"करू की!" मिस्त्री म्हणाला. "स्प्रिंगखाली ठोकळे घालू, चाकं मोठी बसवू. खडकावर पोट घासणार नाही. ओढ्याचं पाणी आत येणार नाही. आणि रुबाब विचारूच नका."

"तोटे काय?"

मिस्त्री गाडीखाली शिरला आणि तोंडात पाना धरून बोलू लागला. "वळ्वर झ्‌झ्... ब्र्क उश्‌... चढ्‌य्‌ला..."

"म्हणजे विशेष काही नाही," दंताजी म्हणाला.

बाजूला सावकाशनाना बसले होते. नाना म्हणजे कासव. ते परवा ऐकलेल्या विनोदावर आत्ता हसत होते.

"दंताजी, जपून हो," नाना म्हणाले.

"नाना, तुमचं पोट रोज जमिनीला घासतं. तुम्हाला उंचीतलं काय कळणार?"

"उंचीतलं नाही कळत. उलटं होण्यातलं कळतं. तरुणपणी एकदा ऐटीत ढेकळावर चढलो आणि उताणा पडलो. तीन दिवस नुसतं आकाश बघत होतो."

"कसं वाटलं?"

"पहिला दिवस बरा गेला."

दंताजीने गाडी वीतभर उंच केली. हे कळताच खांदेरावाने आपली हातभर केली. दंताजीने दीड हात केली. जंगलातली पाखरं घरटी वरच्या फांदीवर हलवू लागली.

शनिवार उजाडला. दंताजीने ऐटीत दार उघडलं. आई खाली उभी. दार तिच्या डोक्याच्या वर.

दंताजीने स्टूल आणलं. पुरलं नाही. शिडी आणली. म्हातारीने दोन पायऱ्या चढून पाहिल्या आणि उतरली.

"लेका, मला दवाखान्यात जायचंय," ती म्हणाली. "माळ्यावर न्हाई."

ऊन वर चढत होतं. आता दंताजीने काय करावं? तुम्ही म्हणाल, आईला पाठीवर घ्यावं. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला असं सोपं सुचतं.

"आई, तू इथंच थांब," दंताजी म्हणाला. "मी पुढे जाऊन नंबर लावतो."

आणि तो निघाला. वाटेत खांदेराव भेटला. खांदेरावाने मान वर केली, आणखी वर केली, आणि मुकाट्याने गाडी मागे घेतली. साडूंनी घेतली. मेहुण्यांनी घेतली. आनंदाने दंताजीचे डोळे भरून आले. आईने हे बघायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

दवाखान्यात त्याचा पहिला नंबर लागला.

"पेशंट कुठंय?" वैद्यांनी विचारलं.

"घरी. गाडीत चढता येत नाही तिला."

"मग गाडी एवढी उंच केलीत कोणासाठी?"

"आईसाठीच की!"

वैद्यांचे सगळे काटे एकदम उभे राहिले. ते पाहून दंताजी भानावर आला. तो धावत बाहेर गेला, गाडीत चढला आणि घराकडे सुसाट सुटला. पुढे जांभळीचं वळण होतं. तिथे गाडी डोलली. त्याने ब्रेक दाबला. मिस्त्री तोंडात पाना धरून जे बोलला होता, ते सगळं दंताजीला त्या क्षणी अगदी स्पष्ट ऐकू आलं.

गाडी धाडकन आडवी झाली.

इकडे म्हातारी वाट पाहून कंटाळली आणि काठी टेकत पायीच निघाली होती. सोबतीला सावकाशनाना होते. दोघांची चाल अगदी जुळली. वळणावर आडवी गाडी पाहताच म्हातारीने काठी टाकली आणि गुडघे विसरून धावली.

"माझ्या लेकरा!"

"आई, मला काही झालं नाही," आतून आवाज आला. दंताजी पट्ट्याला लोंबकळत होता.

नानांनी काचेतून डोकावून पाहिलं. "आकाश दिसतंय का?"

"दिसतंय."

"पहिला दिवस आहे," नाना म्हणाले.

म्हातारीने गाडीचं मागचं दार उघडलं आणि लेकाला कानाला धरून बाहेर काढलं. त्याला कुठे लागलं नाही ना, हे तपासलं. तपासून झाल्यावर दोन रट्टे दिले. मग तिच्या पायातलं बळ गेलं आणि ती त्याच दाराच्या कडेवर टेकली.

"आत्ता कुठं तुझी गाडी बसण्याजोगी झाली बघ," ती म्हणाली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. खांदेराव आला होता. "ओ दंताजी! आता तुमची गाडी ठेंगणी. नियम म्हणजे नियम. मागे घ्या!"

आणि पाठोपाठ साळिंदर वैद्य आले. उन्हं डोक्यावर आली होती, दवाखाना बंद झाला होता, आणि घरी जायला रस्ता तोच एक होता. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, गाडीच्या कडेकडे पाहिलं.

"बरोबर उंची आहे," ते म्हणाले. त्यांनी पाठीवरून सात सुया काढल्या आणि तिथेच तिच्या गुडघ्यांना टोचल्या.

म्हातारीला इतका आराम पडला की ती घरी चालत गेली. दंताजी तिला पाठीवर बसवायला तयार होता, तरी ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी शेपटे मिस्त्रीकडे ही रांग लागली. जंगलात ज्याच्या ज्याच्या आईचे गुडघे दुखत होते, तो गाडी घेऊन हजर होता.

तात्पर्य: गाडी उंच केल्याने आईचे गुडघे बरे होतात. फक्त मध्ये एकदा ती आडवी व्हावी लागते.