मुकद्दस कुणाची?

कोकंद शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या मुकद्दसने तंदूरमधून गरम सोमसे, म्हणजे आमचे भाजलेले सामोसे, काढतानाचा आपला व्हिडिओ टाकला. डोक्यावरच्या रुमालाची गाठ मानेमागे होती. तासाभरात चारशे प्रतिक्रिया आल्या. सोमशांबद्दल एकही नव्हती.

“मागे गाठ? लाज सोडली हिने,” असं निम्म्यांचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी तिने गाठ हनुवटीखाली घेतली. “ही आपली पद्धतच नव्हे,” असं उरलेल्या निम्म्यांनी कळवलं. तिसऱ्या दिवशी वैतागून तिने गाठ कानाजवळ मारली, तेव्हा दोन्ही पक्षांत प्रथमच एकमत झालं: ही आपली नाहीच.

सदर एकमताची मोहल्ला समितीने गंभीर दखल घेतली. अध्यक्ष तुर्सुनआका जातीने दारात आले.

“पोरी, तू इथली नाहीस अशी तक्रार आहे.”

“आका, माझ्या पाळण्याच्या समारंभात तुम्ही नाचला होतात!”

“नाचलो होतो. पण त्याचा व्हिडिओ आहे का?”

तिची आई लाटणं घेऊनच बाहेर आली. “मी जन्म दिलाय हिला! त्या समोरच्या खोलीत!”

“आपा, तुमचं ऑनलाइन खातं नाही. खातं नसलेल्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.”

समितीने रीतसर जाहीर मतदान घेतलं. ‘मुकद्दस आपली आहे का?’ इस्तंबूलपासून सेऊलपर्यंतच्या तीन हजार लोकांनी मत दिलं. एक्कावन्न टक्के ‘नाही’.

मुकद्दस दाराआड जाऊन रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली. “ठीक आहे आका. आता हाच नियम तुम्हाला लावा.”

तुर्सुनआका हसत तयार झाले. त्यांना अकरा टक्के मिळाले; टोपीचा कल सदोष आढळला. शिक्का टेबलावर ठेवून ते परके झाले. मग सुईण गेली, न्हावी गेला, मशिदीचे झाडूवाले गेले. शुक्रवारपर्यंत मोहल्ल्यात एकही अधिकृत रहिवासी उरला नाही. सगळे परके मुकद्दसच्या अंगणात सोमसे चापत पोट धरधरून हसत होते. नव्या अध्यक्षपदी ब्याण्णव टक्क्यांनी ‘निर्मळ गुलाब’ नावाचं खातं निवडून आलं. ते कोण, कुठलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“माझ्या वेळी तू कुणाला मत दिलंस गं?” मुकद्दसने मला विचारलं. मी तिची भिंतीपलीकडची शेजारीण.

“तुलाच की!”

दाबलं होतं ‘नाही’. सगळे दाबत होते. तुम्ही काय दाबलं असतंत ते विचारत नाही. उगाच खोटं बोलावं लागेल तुम्हाला.