सोनकांबळेचे चार तक्ते

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये चौघांच्या टेबलावर सोनकांबळे नऊ जणांना बसवतो. "तुम्ही थोडे तिरके व्हा. म्याडम, डबा मांडीवर घ्या. काढायचं नक्को कुणाला, सरकायचं!" त्यातला आठवा मी. माझी अर्धी मांडी कायम हवेत असते.

हा माणूस लिंकर सांभाळतो. लिंकर म्हणजे प्रोग्रामचे सुटे तुकडे एकत्र जोडणारं अवजार. कुठला तुकडा कुठे राहतो, ते पत्ते लिंकर एका तक्त्यात लिहून ठेवतो. आमचा फोनवरचा प्रोग्राम फुगत गेला आणि एका सोमवारी तक्ता भरला. जोडणीच होईना. साहेब म्हणाले, "मराठी वाचून दाखवणारा भाग काढून टाका. वापरतं कोण?"

सोनकांबळे ताडकन उभा राहिला. "शुक्रवारपर्यंत द्या, साब. एका मोठ्या तक्त्याचे चार छोटे करतो. ज्याचे पत्ते त्याच्याजवळ. काढायचं नक्को."

मग चार दिवस त्याने आमचं डोकं खाल्लं. बुधवारी जोडणी झाली, पण पत्त्यांची अदलाबदल होऊन मराठीचं बटण दाबलं की गजर वाजू लागला. मी पोट धरून हसलो. "परेशान नको करू रे," एवढंच म्हणून तो पहिल्यापासून एकेक पत्ता तपासत बसला. शुक्रवारी दुपारी प्रोग्राम खणखणीत मराठी बोलला.

रविवारी त्याने मला दिलसुखनगरला त्याच्या घरी जेवायला बोलावलं. त्याच्या आईची नजर गेलेली. फोन तिला मराठी बातम्या वाचून दाखवत होता आणि हा शेजारी बसून पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवत एकेक शब्द फोनच्या मागून पुटपुटत होता. तेव्हा मला कळलं, इंग्रजी शाळेत शिकलेल्या या माणसाला मराठी धड वाचता येत नाही. गजरावर किती हसलो होतो मी! फार लाज वाटली.

"अरे, साहेबांना सांगायचंस ना."

"काय सांगू? आईला पेपर वाचून दाखवता येत नाही म्हणून?"

आईने ते ऐकलं. "बंद कर रे तो फोन. छान वाचतोय, पण मला तुझा आवाज पायजे. चुकलं तर चुकलं."

सोनकांबळेने फोनचा आवाज बंद केला आणि पडद्यावरची तीच बातमी स्वतः वाचायला घेतली. पहिल्याच ओळीत तो चार वेळा अडखळला, पण हटला नाही. ओळ संपल्यावर आई म्हणाली, "पुढं?"